दार आहे, पण ओसरी नाही : पुण्यातील एका नॅचरिस्ट गटाचे प्रकरण

छोट्या स्वयंसेवी संस्थांच्या घटना लिहिणे, त्यांचे हिशेब मार्गी लावणे आणि नोंदणीची कागदपत्रे तयार करून देणे हे माझे काम आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये हिंजवडीत नोकरी करणारे एक गृहस्थ त्या कामासाठी माझ्याकडे आले. 'आमचा एक निसर्गप्रेमी गट आहे,' एवढ्यावर त्यांनी सुरुवात केली. चहा संपत आल्यावर मात्र खुर्ची थोडी पुढे ओढून त्यांनी सांगितले की, हा गट महिन्यातून एका रविवारी मुळशीच्या बाजूला भाड्याच्या फार्महाउसवर जमतो आणि तेथे कुणीही अंगावर कपडे ठेवत नाही. पोहणे, बॅडमिंटन, जेवण, वामकुक्षी आणि संध्याकाळी चांदणी चौकातल्या वाहतुकीत अडकत घरी परतणे, असा तो दिवस असतो. यात शृंगाराचा काही भाग नाही, हे त्यांनी दोनदा सांगितले. दुसऱ्यांदा सांगण्याची गरज नव्हती, पण ती सवय त्यांना का लागली असावी हे पुढे कळत गेले.

त्यांची कंपनी त्यांना मार्चपर्यंत बंगळूरला पाठवणार होती. गटाच्या यादीत १४ नावे होती, प्रत्यक्ष येणारे सहा-सात, आणि भाडे, चावी, निरोप, नव्या माणसाची पारख हे सगळे संयोजक म्हणून त्यांच्या एकट्याच्या अंगावर होते. संस्था म्हणून नोंदणी कशी करावी आणि माणसे कशी वाढवावीत, असे त्यांचे दोन प्रश्न होते. पहिल्याचे उत्तर मला ठाऊक होते. दुसऱ्याच्या उत्तरासाठी पुढचे काही महिने लागले. ओळख पटू नये म्हणून येथे व्यक्तींची नावे आणि जागेचा नेमका पत्ता दिलेला नाही.

गट आणि त्याचे नियम

गटाची सुरुवात २०१८ मध्ये पाच मित्रांनी केली. पाचही जण कधी ना कधी ऑनसाइट, म्हणजे कंपनीच्या कामासाठी परदेशी, जाऊन आलेले. जर्मनीतल्या तळ्याकाठी किंवा सॉनामध्ये, म्हणजे घाम काढण्याच्या गरम खोलीत, सहकाऱ्यांबरोबर विवस्त्र बसताना वाटलेला पहिला संकोच, आणि तो पाऊण तासात कसा विरून गेला याची आठवण, हे त्यांचे सामायिक भांडवल होते. नॅचरिझमला, म्हणजे समूहाने विवस्त्र राहण्याच्या या रीतीला, मराठीत रुळलेला शब्द नाही. 'निसर्गवाद' म्हटले तर साहित्यातला वाद आठवतो, 'नग्नता' म्हटले की वर्तमानपत्रातली बातमी आठवते, आणि 'उघडा' म्हणजे फार तर सदरा काढलेला. गटातली मंडळी आपसांत 'मोकळा रविवार' म्हणतात आणि मलाही तोच शब्द बरा वाटतो. नॅचरिस्टांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने १९७४ मध्ये फ्रान्समधील आग्द येथे स्वीकारलेल्या व्याख्येत सामूहिक नग्नतेमागचा हेतू म्हणून स्वतःचा, इतरांचा आणि पर्यावरणाचा आदर नोंदवलेला आहे, आणि मोकळ्या रविवारचे नियम साधारण त्याच वळणाचे होते.

आल्याबरोबर सर्वांचे मोबाइल पापडाच्या एका जुन्या पत्र्याच्या डब्यात जात आणि डबा स्वयंपाकघरातल्या फळीवर राही. प्रत्येकाने आपला पंचा आणायचा आणि कुठेही बसताना तो खाली घालायचा. मद्य नाही, छायाचित्र नाही, कुणाच्या शरीरावर शेरा नाही. १८ वर्षांखालील कुणालाही प्रवेश नाही, आणि या नियमावर कधी चर्चासुद्धा झाली नाही. शेवटचा नियम असा की, फाटकातून आत आल्यावर अर्ध्या तासात सर्वांनी कपडे काढायचे. ज्याला जमणार नाही त्याने परत जायचे. या नियमामागे विचार होता. कपडे घालून बसलेला माणूस प्रेक्षक होतो आणि प्रेक्षक आला की उरलेल्यांचा तमाशा होतो, हा अनुभव युरोपातल्या क्लबांनाही आलेला आहे आणि तेथेही कित्येक ठिकाणी असाच नियम आहे.

यादीतल्या १४ नावांत स्त्रिया दोन होत्या, दोघीही सदस्यांच्या पत्नी. संख्या वाढावी म्हणून २०२३ मध्ये इन्स्टाग्रामवर पान उघडण्यात आले. झाडे, पाऊलवाट, दगडावर वाळत घातलेला पंचा, इतकीच चित्रे त्यावर होती. संदेश भरपूर आले, जवळजवळ सगळे एकट्या पुरुषांचे, आणि बहुतेकांचा प्रश्न एकच : 'लेडीज येतात का?' संयोजकांनी सव्वा महिन्यात ते पान बंद केले.

दूरचे आणि जवळचे दाखले

संयोजकांची अशी समजूत होती की ही अडचण आपल्या समाजाच्या सोवळेपणातून आली आहे आणि युरोपात ती नाही. मी त्यांच्यासमोर जर्मनीचा दाखला ठेवला. तेथील मुक्त-शरीर-संस्कृतीचा, म्हणजे नॅचरिस्टांचा, महासंघ १९४९ मध्ये स्थापन झाला. शतकाच्या वळणावर त्याचे सुमारे ६५ हजार सदस्य होते. २०२४ मध्ये ते जेमतेम ३४ हजारांच्या आसपास उरले आणि त्या वर्षी ७५ वर्षे पूर्ण झाल्याचा समारंभ पुरेशी नोंदणी न झाल्यामुळे रद्द करावा लागला. जर्मन माणसाने विवस्त्र पोहणे सोडले, असा याचा अर्थ नाही. तळी, समुद्रकिनारे आणि सॉना मोकळे असल्यावर वर्गणी भरून कुंपणाआड जाण्याचे कारण उरत नाही, एवढाच तो आहे. ब्रिटनमध्येही हीच तफावत दिसते. तेथील राष्ट्रीय नॅचरिस्ट संघटनेने २०२२ मध्ये इप्सॉस या जनमत-पाहणी कंपनीकडून करवून घेतलेल्या पाहणीत १४ टक्के लोकांनी स्वतःला नॅचरिस्ट किंवा न्यूडिस्ट म्हटले. लोकसंख्येच्या हिशेबाने ते ६५ लाखांच्या वर जातात, आणि संघटनेचे सदस्य मात्र काही हजारांच्या घरात आहेत.

पुण्यात परिस्थिती अगदी उलटी आहे. येथे मोकळा किनारा नाही, मिश्र सॉना नाही. कुंपण हेच सर्वस्व आहे. तरीही दोन्हीकडची संस्था एकाच जागी अडते. तिला आत आणि बाहेर अशा दोनच अवस्था माहीत आहेत : सदस्य किंवा परका, विवस्त्र किंवा अपात्र. आपल्या जुन्या घरांत रस्ता आणि माजघर यांच्यामध्ये ओसरी असे. पाहुणा तिथे टेकायचा, पाणी प्यायचा, आत येण्याजोगा आहे की नाही हे घर ठरवायचे, आणि आत यायचे की नाही हे तोही ठरवायचा. या संस्थांना दार आहे, पण ओसरी नाही, असे मी तेव्हा संयोजकांना म्हणालो. खरे सांगायचे तर त्या वेळी ती नुसती उपमा होती.

जवळचा दाखला अधिक बोचरा होता. जगातली पहिली ज्ञात नॅचरिस्ट संस्था जर्मनीत नव्हे, आपल्या ठाण्यात निघाली. चार्ल्स एडवर्ड गॉर्डन क्रॉफर्ड या विधुर इंग्रज न्यायाधीशाने १८९१ मध्ये ती काढली. संस्थेत तो धरून तीन सदस्य होते, आणि तिची माहिती आज आपल्याला आहे ती त्याने एडवर्ड कार्पेंटर या इंग्रज विचारवंताला लिहिलेल्या पत्रांमुळे. पुढच्याच वर्षी क्रॉफर्डची रत्नागिरीस बदली झाली आणि संस्था आटोपली; १८९४ मध्ये तो वारला. मराठीत या विषयाचा उच्चार ज्यांनी निर्भयपणे केला ते रघुनाथ धोंडो कर्वे. त्यांनी १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवले, त्याच्या मुखपृष्ठावर नग्न चित्रे छापली, अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली. १९५३ मध्ये कर्वे गेले आणि मासिक बंद पडले. त्याच वर्षी फ्रान्समधील मोंतालिवे येथे आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला, हा निव्वळ योगायोग. पण एकहाती चाललेल्या आणि अनेकहाती चाललेल्या कामातला फरक यापेक्षा ठळक दिसणार नाही. संयोजकांनी ठाण्याची हकीकत शांतपणे ऐकून घेतली आणि विचारले, 'म्हणजे माझं बंगळूर हे त्याचं रत्नागिरी?'

तीन प्रस्ताव

ऑक्टोबरच्या बैठकीत तीन सूचना आल्या. नोंदणीची सूचना सर्वांत रास्त होती आणि सर्वांत लवकर अडकली. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली किमान सात जणांच्या सह्या लागतात आणि महाराष्ट्रात त्याच संस्थेला सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली धर्मादाय आयुक्तांकडेही जावे लागते. मग सात नावे, पत्ते, व्यवसाय हे सारे कागदावर येते. कार्यकारिणी बदलली की चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. 'कोण नाव देणार?' असे विचारल्यावर खोलीत पंख्याचा आवाज ऐकू येऊ लागला. भीती अगदीच अनाठायी नव्हती. भारतीय न्याय संहितेचे कलम २९६ सार्वजनिक ठिकाणच्या, इतरांना त्रास होईल अशा अश्लील कृत्याबद्दल आहे आणि त्याची शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, एवढीच आहे. कुंपणाआडचे, बाहेरून न दिसणारे फार्महाउस सार्वजनिक ठिकाण ठरू नये. परंतु बुटांच्या जाहिरातीत विवस्त्र दिसल्याबद्दल मिलिंद सोमण आणि मधू सप्रे यांच्यावर १९९५ मध्ये झालेला खटला २००९ मध्ये निर्दोष मुक्ततेने संपला, हे सर्वांना पाठ होते. चौदा वर्षे निर्दोष ठरण्यात घालवण्याची तयारी नोकरदार माणसाची नसते.

एका सदस्याने यावर दिगंबर मुनी आणि नागा साधू यांचा आधार घ्यावा असे सुचवले. मी त्यास स्पष्ट विरोध केला. मुनींची नग्नता हे अपरिग्रहाचे व्रत आहे. महिन्यातून एक रविवार बॅडमिंटन खेळणाऱ्यांनी तिच्या आडोशाला उभे राहिल्याने श्रद्धावान दुखावतील आणि साशंक माणूस मुळीच पटणार नाही.

मुंबईतल्या तशाच एका छोट्या गटात विलीन व्हावे, ही दुसरी सूचना. त्यांच्याकडे जागा नव्हती, यांच्याकडे माणसे नव्हती, पैसा दोघांकडेही नव्हता. 'उघड्याकडे गेलं नागडं, सारी रात्र कुडकुडलं,' असे कुणीतरी म्हणाले आणि सभेला हसू आवरेना. म्हण इतकी चपखल बसण्याची वेळ क्वचितच येते. सूचना तेथेच संपली.

तिसरी सूचना व्यावसायिक होती : 'वेलनेस' म्हणून तिकीट लावावे. पुण्यात हे विकले जाईल, असे तिच्या समर्थकांना वाटत होते, कारण निसर्गोपचाराची परंपरा येथे जुनी आहे. उरुळी कांचनचा आश्रम गांधीजींनी १९४६ मध्ये सुरू केला आणि गांधीजींवर ज्यांच्या लेखनाचा प्रभाव होता त्या आडोल्फ युस्ट यांच्या जर्मनीतल्या आरोग्यधामात उघड्या अंगाने ऊन-वारा घेणे हा उपचाराचा भाग होता. माहिती खरी असली तरी तिच्यावरून औषधी दावा करणे मला धोक्याचे वाटले. शिवाय तिकिटाचे गणितही पक्के नव्हते. पॅरिसमध्ये नोव्हेंबर २०१७ मध्ये विवस्त्र ग्राहकांसाठी उघडलेले उपाहारगृह गिऱ्हाइकांअभावी फेब्रुवारी २०१९ मध्ये बंद झाले; त्याच शहरातली हौशी नॅचरिस्टांची संघटना मात्र जलतरण तलावातील सत्रे, बागेतला राखीव भाग, २०१८ मध्ये एका कलासंग्रहालयाची विवस्त्र भेट असे उपक्रम करत तरुण मंडळी जमवत होती. नवे माणूस पोहायला किंवा चित्रे पाहायला जाते. नुसते विवस्त्र बसायला पैसे देऊन फार जण जात नाहीत.

लसूण, मटार आणि ड्रोन

याच ऑक्टोबरच्या मोकळ्या रविवारी एका संस्थापकाची थोरली बहीण आली. बँकेत नोकरी, वय पन्नाशीच्या पुढे, हातांवर आणि मानेवर कोडाचे डाग. 'मी बघायला येईन, पण कपडे काढणार नाही,' अशी त्यांची अट होती, आणि भावाच्या भिडेखातर एकदाच सवलत म्हणून संयोजकांनी ती मान्य केली. फार्महाउसला खरोखरीची ओसरी आहे, शहाबादी फरशीची. तेथे बसल्यावर नजर कुठे ठेवावी हे त्यांना कळेना, म्हणून त्यांनी स्वयंपाकघरातून लसणाची परडी मागवून घेतली आणि दोन तास लसूण सोलत बसल्या. कुणालाही त्या प्रेक्षक वाटल्या नाहीत, हे संयोजकांच्या लक्षात आले, पण त्याचा अर्थ लागला नाही.

नोव्हेंबरमध्ये त्या एका मैत्रिणीला घेऊन आल्या. त्या रविवारी मीही गेलो होतो, सदरा-पँट घालूनच. माझ्याही पुढ्यात मटाराच्या शेंगांचा ढीग ठेवण्यात आला. हातात शेंग असली की माणूस समोरच्याशी बोलतो, पण त्याच्याकडे टक लावून पाहत नाही. दाणे परातीत पडले की नाहीत याकडे अधूनमधून पाहावेच लागते. अर्ध्या तासाने पोहून आलेले एक गृहस्थ पंचा अंथरून आमच्याशेजारी शेंगा सोलायला बसले आणि कोथरूडच्या पार्किंगवर बोलू लागले. इतके साधे दृश्य मी सल्लागार म्हणून गेलेल्या दुसऱ्या कुठल्याही संस्थेत पाहिलेले नाही.

डिसेंबरच्या रविवारी सकाळी अकराच्या सुमारास राखणदार फाटकाबाहेरून ओरडला, 'दादा, वर त्ये काय घिरट्या घालतंय घारीवानी?' शेजारच्या रानात लग्नाआधीचे चित्रीकरण चालू होते आणि त्यांचा ड्रोन तलावावर आला होता. पाण्यात होते ते छपराखाली धावले. ओसरीवरच्या दोघी, कपडे घातलेल्या असल्यामुळे, हातातली परात बाजूला ठेवून तडक बांध ओलांडून गेल्या. 'इथे बायका पोहतात. काय आलंय ते दाखव आधी,' असे त्यांनी छायाचित्रकाराला सुनावले. पोरगेलेसा तो मुलगा 'मावशी, आपण फक्त धरणाचं घेतलं' असे म्हणत राहिला, पण दोन तुकडे त्याने त्यांच्यासमोर पुसून टाकले. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६६ ई खाली कुणाही व्यक्तीच्या खासगी अवयवांचे चित्र संमतीविना टिपणे हा तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. ते कलम तेथे कुणाला आठवले नाही आणि त्याची गरजही पडली नाही. जुना नियम पाळला गेला असता तर फाटकापलीकडे जायला एकही माणूस तयार स्थितीत नसता.

जानेवारीची बैठक

जानेवारीत कर्वेनगरच्या एका सदनिकेत बैठक झाली. सर्व जण अर्थातच पूर्ण कपड्यांत. बँकेतल्या ताईंनी अर्ध्या तासाचा नियम रद्द करावा आणि त्याजागी असा नियम करावा असे सुचवले की, ज्याला कपड्यांत राहायचे असेल त्याने कितीही महिने राहावे, परंतु हाताला काम घ्यावे. रिकाम्या हाताने कुणी बसू नये. यावर एक संस्थापक उसळून म्हणाले, 'भटाला दिली ओसरी, भट हळूहळू पाय पसरी! सहा महिन्यांत ही साधी सहल होईल.' त्यांचे म्हणणे पोकळ नव्हते. ऐच्छिक कपड्यांची मुभा दिल्यावर विवस्त्र असणारेच पाहुणे होऊन बसण्याचा धोका कुठल्याही नॅचरिस्ट जागेला असतो, आणि तलावाचा काठ फक्त विवस्त्रांसाठी राखावा, ही त्यांची दुरुस्ती मला योग्य वाटली व ती मान्यही झाली.

दुसरा बदल दाराबद्दलचा होता. एकटा पुरुष आधी शहरात चहाला भेटेल, त्या भेटीत किमान एक स्त्री सदस्य असेल आणि तिचा नकार अंतिम असेल. फाटकाची चावी दोन स्त्रियांकडे राहील. 'तुम्ही बंगळूरला गेल्यावर गेटवर कोण, हा प्रश्न तुम्ही इतके दिवस पुरुषांनाच विचारत होतात,' असे ताई संयोजकांना म्हणाल्या. त्यावर संयोजकांकडे उत्तर नव्हते. माझ्याकडेही नव्हते, कारण सप्टेंबरपासून मीदेखील तेच केले होते.

त्याच महिन्याच्या रविवारी दुपारच्या उन्हात ताईंनी आधी ओढणी आणि मग कुडता घडी करून ठेवला आणि त्या पंच्यावर बसल्या. मटार चालूच होता. नंतर कधीतरी त्या मला म्हणाल्या, 'नवीन भेटलेला माणूस आधी डागांकडे बघतो, मग तोंडाकडे. इथे बघण्यासारखं इतकं आहे की माझ्या डागांचा नंबरच लागत नाही.'

पुढचे

मे २०२५ अखेर यादीत १९ नावे होती, त्यांत स्त्रिया सात. त्या सातांपैकी तिघी आजही कपड्यांतच असतात आणि त्यांना त्याबद्दल कुणी विचारत नाही. एक संस्थापक गट सोडून गेले आणि अनामत रकमेतला आपला वाटा मागत आहेत. तो द्यायचा की नाही यावर मतभेद आहेत. भाडे आता अधिक जणांत वाटले जाते, पण वर्गणी वेळेवर येत नाही, ही सर्वच संस्थांची रड येथेही आहे.

नोंदणी तूर्त बाजूला ठेवली आहे. मात्र फार्महाउसचा ११ महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स करार संयोजकांच्या नावावर होता आणि ते गेल्यावर मालकाने नवा करार, नव्या नावाने आणि रीतसर नोंदवून, मागितला. चार जणांनी आपापल्या अडचणी सांगितल्या. शेवटी ऑक्टोबर २०२५ पासूनच्या करारावर ताईंनी सही केली आणि वापराच्या हेतूपुढे 'सदस्यांचे खासगी संमेलन' असे लिहिले. नोंदणीला लागणाऱ्या सात नावांपैकी एक त्या निमित्ताने कागदावर आले. उरलेल्या सहांबद्दल दिवाळीनंतर बोलू, असे त्यांनी मला फोनवर सांगितले. आणि रविवारी येताना अर्धा किलो लसूण घेऊन या, असेही.